मामाचा खडक आणि संगणकातलं आकाश

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. बाबा भूसंपादनाविरुद्ध ती छापायचे, मी वाटायचे. अक्षरं लावून वाचायलाही मी त्यांतूनच शिकले. म्हणून मुंबईहून आलेली एक संशोधक आगरदांड्याला माझ्या मासेमार मामाच्या अंगणात बसून "मी आकाशाचा अभ्यास करते" म्हणाली, तेव्हा मी आधी विचारलं, पैसा कोणाचा? आमच्या किनाऱ्यावर 'फक्त मोजणी'ला जो जो आला, त्याच्या मागून कुंपण आलं आहे.

"शिष्यवृत्ती आहे," ती म्हणाली. माझं समाधान झालं नाही.

तिचं काम असं. खूप उंचावर विजेने भारलेल्या हवेचे थर आहेत. सूर्य मावळला की खालचा थर झपाट्याने विरळ होतो, वरचा दाटच राहतो. मग खालची विरळ हवा बुडबुड्यासारखी वर घुसते. उपग्रहाचे संदेश तिच्यातून येताना थरथरतात आणि बोटीवरचा जीपीएस जागा चुकवतो. विषुववृत्ताच्या पट्ट्यातला हा प्रकार आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतो. असे बुडबुडे ती संगणकात तयार करायची. ते खऱ्या आकाशासारखे वागतात का, हे ताडून बघायला तिला समुद्रावरचे आकडे हवे होते.

"काका, तुम्ही संध्याकाळी एकाच जागी नांगर टाकता ना? तिथं जीपीएस काय दाखवतो तेवढं कळवा. जागा तीच आणि आकडा वेगळा, म्हणजे चूक आकाशाची."

ती जागा म्हणजे पाण्याखालचा एक खडक. तिथे घोळ ही महागडी मासळी मिळते, त्यावर मामाचं घर चालतं. आमच्याकडे खडक कोणी कोणाला विचारत नाही, आणि विचारलाच तर खरा कोणी सांगत नाही. मामाने तो सख्ख्या भावालाही सांगितलेला नाही.

तरी मामा हो म्हणाला. इतक्या पटकन, की मला त्याचाच संशय आला.

होळीच्या सुमारास रोज तो समुद्रावरून परत आला की आकडे सांगायचा आणि मी फोनवरून तिला पाठवायचे. एकदा शेवटचे अंक सांगताना तो माडाच्या शेंड्याकडे बघत थांबला.

"मामा, आठवून सांगतोस की रचून?"

"रचून. रोज येगळ्या बाजूला थोडा सरकवतो. येकाच बाजूला सरकवला तर शिकलेली बाई हाय, वळखंल."

"मग नाहीच म्हणायचं होतंस."

"न्हाय म्हटलं की मानूस शोधत बसतो. दिलं की गप बसतो."

मला हसू आलं, थोडा अभिमानही वाटला. मग तिचा फोन आला. आम्ही आकडे पाठवले त्या संध्याकाळी तिच्या संगणकातलं आकाश शांत होतं, आणि बोटीवरचे आकडे मात्र नाचत होते. "माझंच चुकत असणार," ती म्हणाली. "आता काकांच्या आकड्यांशी जुळेपर्यंत बुडबुडे वाढवून बघते."

सरकारी मोजणीतल्या जुळवलेल्या आकड्यांशी भांडण्यात बाबांचं अर्धं आयुष्य गेलं. तसलेच आकडे आता आमच्या घरातून, माझ्या बोटांनी जात होते.

"ते खोटे आहेत, सगळे," मी म्हटलं. "जागा विचारू नका."

ती म्हणाली, "बरं. पुसते. जेट्टीला बांधलेल्या बोटीवर घेऊ या का आकडे? ती जागा तर सगळ्यांना माहीत आहे."

इतकं सरळ उत्तर. फोन ठेवल्यावर ते मला टोचू लागलं. मामा आकडा कधी उत्तरेला सरकवायचा, कधी दक्षिणेला, आत, बाहेर. ते सगळे एका कागदावर मांडले तर मधोमध काय उरतं? खडकच. आणि मांडणं हाच तिचा धंदा.

मी हे मामाला सांगितलं. लपवणं शक्य होतं, पण खडक त्याचा होता.

तो जाळं सोडवत होता, ते त्याने खाली ठेवलं. "पुसलंन म्हनते?"

"म्हणते."

"तू बघितलंस?"

मी नाही म्हटलं.

जेट्टीवरचे आकडे मी अजून पाठवते, खरे. मामा मात्र खडकावर नांगर टाकत नाही. लांब थांबतो, कमी मासळी घेऊन येतो, आणि तिथे दुसरी कोणाची बोट येते का ते बघत राहतो. अजून कोणी आलेलं नाही. त्यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि माझाही.