तपासनिसाचा तांब्या

सहकार खात्यातला कारकून आश्रुबा लेखापरीक्षकाच्या प्रशिक्षणाला परभणीला जायला लागला, ते विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या धामधुमीचं वर्ष होतं. एसट्या बंद पडायच्या, वर्ग पुढे ढकलले जायचे. निम्मे उमेदवार कंटाळून गळाले. आश्रुबा पूर्णेहून रेल्वेने यायचा आणि रिकाम्या वर्गातसुद्धा बसून राहायचा. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतंच. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती.

शिकवणारे म्हातारे साहेब एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: ज्या सोसायटीची तपासणी करायची, तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही. बाकीच्यांनी ती परीक्षेपुरती लक्षात ठेवली. आश्रुबाने ती अंगात मुरवून घेतली. प्रमाणपत्र हाती आलं तसा त्याने फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या घेतला. गावोगावच्या सोसायट्यांत खताची पोती मोजायला गेला की पाणी स्वतःचं, भाकरही स्वतःची. लोक आधी हसले, मग चिडले, मग त्याला विचारेनासे झाले. तेही एक वेळ ठीक होतं.

पण चुडाव्याला त्याची धाकटी बहीण विमल दिलेली होती. तिचा नवरा उद्धव तिथल्या सोसायटीचा चेअरमन झाला आणि या शहाण्याने तिच्याही घरचं अन्नपाणी सोडलं. वास्तविक नातं कळवून चुडाव्याची तपासणी त्याने आपणहून दुसऱ्याकडे दिली होती. नियम तिथेच संपत होता. हा काही संपवायला तयार नव्हता.

भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, ताटात साडी ठेवायचा आणि उठायचा.

"दादा, तू बहिणीकडं आलास का तपासायला आलास?" विमलने एकदा डोळ्यांत पाणी आणून विचारलं.

"विमे, लोक बोलतेत गं. तपासणारा माझ्याच हाताखालचा हाय. उद्या त्यानं चांगला शेरा दिला तर म्हणतील, ह्यानं बहिणीकडं जेवून दिला."

"मग मी रांधू कुणासाठी?"

आश्रुबाने तांब्या उचलला आणि स्टेशनची वाट धरली. परतताना गाडीत शिदोरी सोडायचा, पण घास उतरायचा नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या भाऊबीजेला त्याने मुद्दाम तांब्या घरी ठेवला, शिदोरी बांधलीच नाही. एवढा हरखून तो कधी गाडीत बसला नव्हता. विमलच्या हातची पुरणपोळी खायची, एवढंच मागणं आता उरलं होतं.

ओवाळणं झालं. नवी सून वाढलेलं ताट घेऊन बाहेर आली, तशी विमलने तिला दारातच अडवलं. शेजारच्या मालनबाई आणि सुलाबाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "दादाला न्हाई वाढायचं. माझ्या भावानं उभ्या नोकरीत कुणाच्या घरचं पाणी पिलं न्हाई. सख्ख्या बहिणीचंबी न्हाई. हाय का असा मानूस जिल्ह्यात?"

बायका आदराने त्याच्याकडे बघायला लागल्या. विमलची मान ताठ झाली होती, चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांच्या दुखण्यातून तिने स्वतःसाठी एवढंच काय ते मिळवलं होतं. आता आपण रिटायर झालो, आता चालतं, हे आश्रुबाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

सून ताट घेऊन आत गेली. ओसरीवर पुरणाचा वास तेवढा राहिला.

"गाडीची वेळ झाली," तो उठत म्हणाला.

"आज तांब्या दिसंना तुझा?"

"इसरलो," आश्रुबा म्हणाला, आणि तहानलेलाच स्टेशनकडे चालू लागला.