इंदरचंद शेठची बदाम सत्ती

सन अडतीसच्या दिवाळीनंतर कारंज्यात एकच बोभाटा झाला : कापसाचे दलाल इंदरचंद शेठ जुगारी झाले! त्यांच्या कोटाच्या खिशात पत्त्यांचा जोड पाहिला, असं सांगणारे चौघे निघाले. त्यातला एक मी. पण मी फक्त जोड पाहिला म्हणालो होतो, जुगार लोकांनी जोडला.

खरं असं, की शेठ जादू शिकत होते. पन्नाशीला! पोहरादेवीच्या जत्रेत एका जादूगारानं शेठनी ओढलेला पत्ता त्यांच्याच टोपीतून काढून दाखवला आणि माणूस झपाटला. जादूगाराला दोन दिवस घरी जेवू घालून विद्या घेतली : पत्ता तळहातात दाबून लपवायचा आणि समोरच्याच्या फेट्यातून काढायचा. सांगायला एवढंच.

घरी सराव अशक्य. जोड पाहताच त्यांच्या सुंदरबाईंनी विचारलं, "सात व्यसनांतलं एक तर आलं. बाकीची सहा कवा येऊन राह्यली?" म्हणून शेठ रोज सकाळी शेजारी आमच्या गोठ्यात. प्रेक्षक मी आणि माझी म्हैस. पत्ते बाहीतून सटकत, शेणात पडत, शेठ ते धोतराला पुसत.

"दिसला काय?"

"दिसला."

"आता?"

"आताही दिसला. म्हशीलेही दिसला, शेठ."

एकदा तर म्हशीनं जीभ लांबवून चौकटची राणी गिळली. इतक्या सफाईनं, की शेठ आ वासून तिच्याकडे शिकवणी लावल्यासारखे पाहत राहिले.

जुगाराचा आळ पुसावा म्हणून मीच बाजारभर सांगत सुटलो, "अरे, जुगार नाही, हातचलाखी शिकून राह्यले!" इथंच घात झाला. कापसाचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली शेतकऱ्याची बोटं धरतो, कोणती बोटं दाबली त्यावरून भाव समजतो. सगळा धंदा त्या हातावरच्या भरवशाचा. मग चलाखी शिकलेल्या हातात बोटं देणार कोण? त्यापेक्षा जुगारी परवडला! चार दिवस शेठच्या रुमालाखाली माशीही शिरली नाही. वीस वर्षं त्यांच्याकडेच गाडी सोडणारे जगदेव पाटीलसुद्धा नजर चुकवून पुढे गेले. शेठचं जेवण तुटलं.

पाचव्या दिवशी ते भर बाजारात कापसाच्या गाडीवर चढले. "पाटील, इकडं या! पत्ता ओढा. माही चलाखी साऱ्यायनं पाहा, मंग ठरवा."

पाटलांनी बदाम सत्ती ओढली, सगळ्यांना दाखवली, परत जोडात घातली. शेठनी पत्ते पिसले. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा पत्ता तळहातात नीट लपला! मलाही दिसला नाही. पण भीतीनं शेठना घाम फुटला, आणि त्यांनी त्याच हातानं कपाळ पुसलं.

सत्ती कपाळाला चिकटली.

शेठ पाटलांचा फेटा चाचपतात, पत्ता नाही. स्वतःची बाही झटकतात, तीन पत्ते पडले, सत्ती नाही. धोतराच्या निऱ्यांतून पाच पडले. "होता, आत्ता होता!" म्हणत बिचारे गाडीखाली वाकून पाहतात. लोक हसून हसून कापसाच्या ढिगात लोळले. एका म्हाताऱ्याची कवळी उडाली.

"शेठ," पाटील डोळे पुसत म्हणाले, "कपायावर हाये!"

शेठनी हात लावला आणि मटकन गाडीवर बसले. आता सगळं संपलं, असा चेहरा. तेवढ्यात पाटलांनी शेठच्याच खांद्यावरचा रुमाल ओढून पसरला आणि खाली हात घातला. "ज्याले सोताच्या कपायावरचा पत्ता दिसत नाही, तो आमच्या बोटाले काय फसवते? धरा बोटं."

पाटलांच्या मागं सात गाड्या उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी कुंपणावरून डिवचलं, "काहून शेठ, जादू तर फसलीच न्?"

शेठ म्हणाले, "फसली कायले? बाकीचे जादूगार हरवलेला पत्ता आणतात, म्या हरवलेला बाजार आणला. तुमी आपल्या म्हशीले विचारा, माही राणी कवा परत देते."