उत्तर कुठे आहे?

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मी काही लिहावं हे आगाऊपणाचं वाटेल, माफ करा. पण एका मुलीचं बोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

बी.एड.चा शेवटचा पाठ एका शाळेतल्या वर्गावर घ्यायचा होता, त्यावरच पास-नापास ठरणार होतं. पाठाच्या टाचणात उद्दिष्ट म्हणून मी आधी लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांना दिशांचं ज्ञान होईल.’ आमच्या मॅडम म्हणाल्या, “ज्ञान झालेलं तुला दिसणार कसं रे? दिसेल असं लिही.” मग लिहिलं, ‘विद्यार्थी उत्तर दिशा दाखवतो.’ खाली आणखी तीन उद्दिष्टं जोडली.

नकाशा शिकवून झाल्यावर त्या मुलीला उत्तर दाखवायला सांगितली. तिनं बोट सरळ छताकडे केलं. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते. मागे परीक्षक लिहीत होते. ‘समजलं’ असं आपण किती सहज धरून चालतो, आणि मूल मात्र छताकडे बोट करून उभं असतं.

मी वर्ग मैदानात नेला. सकाळच्या उन्हाकडे तोंड करून तिनं डावा हात लांब केला. “इकडं, सर.” तेवढ्यात तास संपला. बाकीची उद्दिष्टं राहूनच गेली.

त्यानंतर जेवण गोड लागेना. आज मॅडमचा फोन आला. “पास झालास. यापुढे एका तासाला एकच उद्दिष्ट लिहीत जा, बाबा.”