नानांची जादा वर्गणी

धुळ्यात माझा इंटरनेटचा धंदा आहे. आधी टीव्हीची केबल होती, तिचंच पुढे हे झालं. अमळनेर, जळगाव, बोदवड, शिरपूर अशा ठिकाणच्या आम्ही सात जणांनी मिळून एक एक्सचेंज काढलं होतं. धुळ्यातल्या एखाद्या क्लासचा व्हिडिओ अमळनेरच्या मुलीने उघडला, की तो आधी मुंबईला जायचा आणि तिथून उलटा फिरून तिच्या घरी यायचा. मुंबईकडची तार कुठे तुटली, की शेजारशेजारची गावंही एकमेकांना मुकायची. म्हणून आम्ही सगळ्यांच्या तारा अमळनेरात सरकीच्या गोदामावरच्या एका खोलीत आणल्या आणि तिथल्या यंत्रात, म्हणजे स्विचमध्ये, जोडल्या. इथला डेटा इथेच फिरू लागला.

भाडं, वीज आणि बॅटऱ्या यांच्यासाठी दरमहा वर्गणी ठरवायची होती. सचिव मी होतो. ज्याची तार मोठी त्याने जास्त द्यावं आणि ज्याची लहान त्याने कमी, असं मी मांडलं. सगळ्यांत लहान होते नाना. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला चार पाड्यांपर्यंत त्यांनी तार ओढली होती. साठी उलटली तरी खांबावर स्वतः चढायचे. माझ्या सूचनेचा फायदा त्यांनाच होणार होता, आणि विरोध केला तो त्यांनीच.

"हिस्सा बठ्ठासना सारखा ठेवा, भाऊ."

"नाना, तुम्हाला जड जाईल."

"जाऊ द्या. आज कमी पैसा दिधा, तं उद्या मत बी कमी व्हई. माले ते नको."

वर्गणी सारखी ठरली. थकबाकी असलेल्या सभासदाला मत देता येणार नाही, हा नियम मात्र मी घातला. तो टाईप करताना नाना माझ्या मनातसुद्धा नव्हते. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो आहे.

दोन वर्षं बरी गेली. मग स्विच जुना झाला, भाडं वाढलं, आणि दर महिन्याला सहा जणांना फोन करून पैशांची आठवण देण्याचा मला कंटाळा आला. तेवढ्यात बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. नवा स्विच आणि दोन वर्षांचं भाडं कंपनी देणार होती. बदल्यात दारावर त्यांची पाटी, बैठकीत त्यांचा माणूस, आणि सभासदांचे तीन वर्ग. वरच्या दोन वर्गांना मत असेल, सगळ्यांत लहान वर्गाला वर्गणी नाममात्र पण मत नाही. त्या वर्गात एकटे नाना बसत होते. तो माणूस मला 'सर' म्हणत होता. तेही मला आवडलं, हे आता लिहायला हरकत नाही.

नाना फोनवर एवढंच म्हणाले, "त्या दोन वरीस भाडं देतीन. तिसरा वरीसले कोण दी?"

बैठकीच्या दिवशी हिशेब सरळ होता. नाना धरून चार जण विरोधात, बाजूने तिघे. नाना वगळले तर तीन-तीन, आणि बरोबरी झाली तर सचिवाच्या मताने निर्णय. त्या महिन्याची नानांची वर्गणी आली नव्हती. ती ते हातोहात घेऊन येणार, हे मला माहीत होतं, कारण त्यांच्याकडे बँकेचं काही अडलं होतं आणि तसं त्यांनी कळवलं होतं.

दोन एसटी बदलून ते आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी कागद वाचायला लागलो. एका सभासदाची वर्गणी आलेली नाही, सबब नियमाप्रमाणे... इथवर वाचलं आणि डोळ्यांच्या कडेने मला दिसलं, की नानांचा हात सदऱ्याच्या आत, बंडीच्या खिशाकडे गेला आहे. तारेने कापलेल्या बोटाला चिंधी होती. बटण निघत नव्हतं. दोन श्वास थांबलो असतो तर पुरे होतं. मी कागद उलटला आणि म्हणालो, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

मतं मोजून होईपर्यंत त्यांचा हात तिथेच, सदऱ्याच्या आत होता.

"मन्हं मत नही का?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे, नाना."

"हां. नियम शे."

बैठक संपल्यावर ते टेबलापाशी आले, नोटा ठेवल्या आणि पावती मागितली. मी पावती लिहून दिली. माझं अक्षर एरवी चांगलं आहे.

पुढच्या महिन्यापासून त्यांना नाममात्र वर्गणी लागू झाली. एक तारखेला त्यांच्या फोनवरून पैसे आले ते जुन्याच वर्गणीचे, पुरेच्या पुरे. चूक झाली असेल म्हणून मी फोन केला.

"नाना, तुमचं आता कमी झालंय."

"माले मन्हा हिस्सा ठाऊक शे," म्हणाले, आणि फोन ठेवला. मी जादा रक्कम परत पाठवली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. शेवटी मी ती वेगळी ठेवू लागलो. दर महिन्याला तेवढी एक ओळ लिहिताना कुणीतरी खांद्यावरून वाचतंय असं वाटायचं.

वर्षभराने नानांना कावीळ झाली. धुळ्याला दवाखान्यात आणलं होतं, माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मी रोज उद्या जाऊ म्हणत राहिलो. ते गेल्याचं आमच्या ग्रुपवर वाचलं. मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि अंत्ययात्रेलाही गेलो नाही.

पुढच्या एक तारखेला सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाचा फॉर्म भरत होतो. फोन वाजला. नानांचं नाव, नानांचा फोटो, आणि पुरी वर्गणी जमा. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि फोन पालथा ठेवला.

घरातलं कुणीतरी भरत असणार, हे काय मला कळत नव्हतं? एक फोन केला असता तर उलगडलं असतं. तो मी दहा-अकरा महिने केला नाही. दर एक तारखेला नाव यायचं. एक्सचेंजच्या खोलीत स्विचवर त्यांची तार जिथे जोडली होती त्या पोर्टचा दिवा चालू असायचा, दुपारी शाळा सुटल्यावर जास्त लुकलुकायचा. त्या खोलीत मी एकटा असलो की दाराकडे पाठ करून बसवेना, आणि तोंड करूनही बसवेना. धुळ्याच्या स्टँडवर कुणी म्हातारा तिकिटासाठी आत हात घालून पैसे शोधू लागला, की मी रस्ता बदलायचो. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. काय दाखवणार?

दोन वर्षं संपली आणि कंपनीचं धोरण बदललं. माणसं आली, स्विच आणि पाटी काढून घेऊन गेली. भिंतीत चार भोकं राहिली. आता पुन्हा सगळ्यांना गोळा करणं भाग होतं, म्हणून मी पहिल्यांदा नानांच्या घरी गेलो.

ओट्यावर त्यांची सून फायबरच्या तारा जोडत बसली होती. नवरा सुरतला कामाला, इथलं सगळं तीच बघत होती. नानांचा फोनही तिच्याकडेच होता, कारण पाड्यांवर तो नंबर सगळ्यांना पाठ होता.

"आणि वर्गणी?" मी विचारलं.

"आबा सांगून गेले होते. बठ्ठासना सारखीच भरायची म्हणून."

ती सासऱ्यांना आबा म्हणायची. तिने पाणी दिलं. मी ते प्यालो नाही, आधी बोललो. बैठक, खिसा, चिंधी, उलटलेला कागद, सगळं सांगितलं. ती हातातली कात्री तशीच धरून ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

"आबा म्हणायचे, त्याने पाहिलं नसेल, तो कागद वाचत होता." तिने कात्री खाली ठेवली. "घरात कुणी तुम्हाला काही बोललं, तर आमच्यावरच चिडायचे."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, ते जादा पैसे वेगळे ठेवलेत ना? ठेवलेत, म्हणालो. "मग ते परत द्या. वाऱ्याने दोन खांब पडलेत, मला केबल घ्यायची आहे." मी तिथूनच पाठवले. तिने रक्कम वाचली, मान हलवली आणि पुन्हा तारा जोडायला घेतल्या.

तिघांनी एक्सचेंज सोडलं. राहिलेल्या चौघांनी सेकंडहँड स्विच घेतला. वर्गणी सारखी आहे. अमळनेरच्या एका व्यापाऱ्याने बॅटऱ्या दिल्या, त्या घेतल्या, पण देणाऱ्याला मत नाही, हे आधी लिहून दिलं. त्या दिवशी ओट्यावर जे बोललो ते मी बैठकीतही सांगितलं. सचिवपद मी सोडलं आणि ते नानांच्या सुनेकडे गेलं.

वर्गणी मी वेळेवर भरतो, बैठकीलाही जातो. हात मात्र वर करत नाही. ती दर वेळी कागदावर लिहिते: एक सभासद तटस्थ. गेल्या बैठकीत बोदवडच्या एका नव्या माणसाला सभासद करून घ्यायचं होतं. तेव्हा लिहिता लिहिता तिने मान वर केली.

"असं किती दिवस, भाऊ?"

माझे हात मांडीवरच होते. तिने ती ओळ पुरी केली आणि पुढचा विषय घेतला.