एवाल्डचे आठ मिलिमीटर

स्प्रिंग विकायच्या आधी एवाल्ड प्युट्झर गिऱ्हाइकाला वजनकाट्यावर उभं करायचा. हेल्मेट घालून, बूट घालून, खिशातल्या किल्ल्यांसकट. कुणी पोट आत ओढलं की म्हणायचा, "काट्याला पोट दिसत नाही, सोडा." मग तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी लावायचा. आमच्या आयफेलच्या डोंगरात, रिंग नावाच्या शर्यतीच्या रस्त्याच्या आसपास, स्प्रिंग बदलून गाड्या जमिनीलगत खाली बसवणारे पन्नास जण मिळतील. पण एवाल्डने बसवलेली गाडी वळणावर दगा देत नाही असं सगळे म्हणत, आणि सगळ्यात मोठ्याने एवाल्ड म्हणे.

माझी बेकरी त्याच्या गॅरेजच्या समोर. शाळेपासून ओळखते मी त्याला. माणूस सोन्यासारखा, पण दोन खोडी जन्माच्या. चुकलो असं तोंडातून कधी काढायचं नाही, आणि आपल्याला ठाऊकच आहे असं वाटलं की समोरच्याला विचारायचं नाही.

त्याची मुलगी मारायके एकोणतीस वर्षांची. आठवडाभर पार्सलच्या गोदामात राबायची आणि रविवारी रिंगवर. तिथल्या एका ड्रायव्हिंग शाळेत शिक्षिका व्हायचं, एवढं एकच वेड. दोनदा परीक्षेत नापास झाली होती. शाळेचा नियम असा की तिसऱ्यांदा हुकलं की नाव कायमचं बाद. वसंतातली ही परीक्षा तिची तिसरी होती.

गाडीच्या स्प्रिंगवरून बापलेकीत तीन आठवडे जुंपली. मारायकेला शॉकअ‍ॅब्सॉर्बरसकट सगळा नवा, कडक संच हवा होता.

"दात हलतील तुझे," एवाल्ड म्हणाला. "रिंगचा रस्ता म्हणजे काय टेबल आहे? गाडीचे मूळ शॉकअ‍ॅब्सॉर्बर मऊ आहेत, उंचवट्यावर चाक जमिनीला धरून ठेवतात. ते राहू देत. फक्त स्प्रिंग बदलू."

"मग साधी खाली बसणारी घाल ना. स्वस्तात काम होईल."

"साधी एकदा बसवली की बसली. पटलं नाही तर? ही बघ, हिच्या तळाला आट्यांची कडी आहे. कडी फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली. तुला हवी तेवढी, मिलिमीटरच्या हिशेबात."

"मला सगळ्यात खाली हवी."

"सगळ्यात खाली मूर्ख बसवतात," एवाल्ड म्हणाला. शेवटी बसवली ती मात्र जवळजवळ तिथेच. सरकारी तपासनिसाने कागदावर जी हद्द लिहून दिली होती, तिच्या आत राहून त्याने मारायकेच्या अठ्ठावन्न किलोंवर गाडी लावली. तेवढ्या वजनाला खोल खड्ड्यात स्प्रिंग जितकी दबेल तितकी दबली तरी टायर आणि मडगार्ड यांच्यात आठ मिलिमीटर शिल्लक. गुरुवारी तिने रिंगवर चार फेऱ्या मारल्या आणि येऊन बापाच्या टकलाचा मुका घेतला. गाडी अशी कधी चाललीच नव्हती, म्हणाली. एवाल्ड दोन दिवस छाती काढून फिरत होता.

शनिवारी, परीक्षेच्या दिवशी, सकाळी साडेसातला माझ्या दुकानात एक धिप्पाड माणूस आला. दार आधी भरलं, मग उघडलं म्हणा ना. त्याने सॉसेज घातलेले तीन पाव घेतले, तिथेच उभ्याने संपवले, चौथा घेतला. जाकिटावर त्या शाळेचं नाव. मारायकेची परीक्षा घेणारे ओस्टरकाम्प ते हेच. ते गेल्यावर पाच मिनिटांनी एवाल्ड नेहमीचा पाव न्यायला आला.

"तुझ्या लेकीचे परीक्षक येऊन गेले," मी म्हटलं. "बिचारी मारायके! शेजारी डोंगर घेऊन पळायचंय आज तिला."

एवाल्ड हसायच्या बेतात होता. थांबला.

"शेजारी म्हणजे?"

"शेजारी म्हणजे शेजारच्या सीटवर. शिकवायची परीक्षा आहे ना रे? विद्यार्थी म्हणून तेच बसणार आणि ही त्यांना वळणं समजावून सांगणार."

त्याने पाव परत काउंटरवर ठेवला. आमच्याकडची सगळी मंडळी घड्याळाशी शर्यत लावणारी, एकेकटी पळणारी. शेजारची सीट हेल्मेटची पिशवी टाकायला असते. चाळीस वर्षं एवाल्डने एकाच माणसाच्या वजनावर गाड्या लावल्या होत्या, आणि पोटच्या पोरीला त्याने विचारलंच नव्हतं की आज शेजारी कोण बसणार.

"किती असेल वजन?"

"सव्वाशे तरी."

"व्हॅन काढ, हिल्ट्रूड."

दुकानाला कुलूप न लावताच मी व्हॅन काढली. वाटेत तो बोटांवर हिशेब करत होता. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे भार उजव्या पुढच्या चाकावर. सव्वाशे किलो. रिंगवरचा कोल्ह्याच्या बिळासारखा खोल उतार, त्याच्या तळाशी गाडी दोनशेच्या वर असते आणि स्प्रिंग पार दबते. आठातून किती उरतील? मारायकेला फोन लावला तर बंद. परीक्षेला फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. "टायर घासला तर कापला जाईल," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "कदाचित घासणारही नाही." मला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं आणि त्याची दयाही आली.

पोचलो तेव्हा तिच्यापुढे दोनच गाड्या होत्या. ओस्टरकाम्प साहेब आत बसून पट्टा ओढत होते. एवाल्ड हातात पाना घेऊन धावत गेला.

"मारायके, गाडी बाहेर काढ. कडी वर घ्यावी लागेल."

"पप्पा, वेडा झालास का? तपासणी झालीय. आता गाडीला हात लावता येत नाही."

"मग जाऊ नकोस."

तिने हेल्मेटची काच वर केली. "काय म्हणालास?"

"मी फक्त तुझं वजन धरलं होतं. साहेबांचं नाही. तळाच्या दाबात टायर मडगार्डला लागेल."

"लागेल?" ओस्टरकाम्पनी आतून विचारलं. "की लागू शकेल?"

एवाल्डला खोटं बोलता आलं असतं. मी मनात म्हणत होते, बोल बाबा, लागेलच म्हण. तो म्हणाला, "नक्की सांगता येत नाही."

"नाही ना? मग हो बाजूला!" मारायके ओरडली. "माझी तिसरी वेळ आहे, माहितेय ना तुला? नियम मी तोंडपाठ सांगू? इथून मागे फिरले तरी नापासच!"

पुढची गाडी सुटली. मागच्याने हॉर्न दिला. एवाल्ड हलला नाही. बॉनेटच्या पुढ्यात, पाना छातीशी धरून उभा राहिला. चाळीस-पन्नास ओळखीची माणसं बघत होती, त्यातली निम्मी त्याची गिऱ्हाइकं.

"साहेब, बाप म्हणून नाही सांगत," तो म्हणाला. "गाडी मी लावलीय. मी चुकलो. ही गाडी दोन माणसांची नाही."

पन्नास वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ऐकायला मुळीच बरं वाटलं नाही.

ओस्टरकाम्प सावकाश उतरले. "ज्याने गाडी लावली तोच नको म्हणतोय, तर मी बसू शकत नाही," ते मारायकेला म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण ही तिसरी वेळ मला धरावी लागेल. तुम्हाला कल्पना आहेच." त्यांनी फळीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि रांगेतल्या नंतरच्या मुलाकडे गेले.

मारायकेने गाडी रांगेबाहेर घेतली. उतरली नाही, रडलीही नाही. एवाल्ड माझ्या व्हॅनकडे वळला तशी तिने उजवीकडचं दार आतून उघडलं.

"तिकडे कुठे निघालास? इथे बस."

"हिल्ट्रूडबरोबर येतो मी."

"बस म्हणते ना! तू शंभरच्या वरच आहेस. बघू दे तरी, कशासाठी माझं वाटोळं केलंस ते."

तो बसला. गुडघे छातीशी आले त्याचे. मी व्हॅन घेऊन मागोमाग. तिने मोठा रस्ता सोडून जुन्या रेल्वे पुलाखालून जाणारा रस्ता धरला. पुलाखाली रस्ता एकदम खाली जातो आणि एकदम वर येतो. "हळू घे, पोरी," मी एकटीच व्हॅनमध्ये बडबडत होते. ती हळू नव्हती, पण फार जोरातही नव्हती, सत्तर असेल.

गाडी पुलाखाली बसली आणि कर्रर्र असा आवाज झाला. माझ्या बंद खिडकीतून मला ऐकू आला. मागचे लाल दिवे लागले, गाडी थोडी वाकडी होऊन कडेच्या गवतात थांबली. मी मागे व्हॅन लावली आणि धावले.

मारायके आधीच उजव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली होती. चाक वळवून ठेवलं होतं. जळक्या रबराचा वास येत होता. तिने टायरच्या वरच्या कडेवरून हात फिरवला आणि एका जागी थांबली. तिथे चीर पडली होती. तिच्या बोटाचं टोक आत गेलं. सत्तरच्या वेगाला, एका दणक्यात.

एवाल्ड दाराला धरून उभा होता. त्याला वाकून बघायचं धाडस होत नव्हतं.

"तिथे, रिंगवर, तू दोनशेवर असतीस," तो कसाबसा म्हणाला.

बोट बाहेर काढून मारायकेने काळ्या पडलेल्या टोकाकडे बघितलं. मग मान वर केली.

"पप्पा, मघाशी तुला खरंच नक्की माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"तरी थांबवलंस?"

"हो."

"आणि टायर लागलाच नसता तर? मी जन्मात तोंड दाखवलं नसतं तुला."

"ते माहीत होतं," एवाल्ड म्हणाला.

मारायके उठली आणि तो काळा हात तसाच बापाच्या गळ्यात टाकून हमसून हमसून रडायला लागली. एवाल्डचा स्वच्छ शर्ट मागून पार काळा झाला.

"बरं केलंस," ती म्हणत होती. "बरं केलंस."