लाडवातली खसखस आणि माझी अटक

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या अमडापुरात अटक झालेली माझ्या ओळखीतली एकच बाई आहे, आणि ती मीच. तेही स्वयंपाकघरात, लसूण सोलता सोलता! हसू नका. आधी ऐका, मग पोटभर हसा.

त्या दिवशी आमचे हे मळ्यात मिरचीला पाणी द्यायला गेलेले. मी घरी एकटी. अकराच्या सुमारास फोन वाजला, व्हिडिओ कॉल. उचलते तर काय, समोर खाकी वर्दी, खांद्यावर चांदण्या, मागे झेंडा!

"आपके नाम का पार्सल पकडा है. अंदर नशे का सामान मिला है."

एखादी शहाणी बाई म्हणाली असती, "कोणतं पार्सल?" पण मी चारच दिवसांपूर्वी पुण्याला लेकीकडे पार्सल पाठवलं होतं. लेक बाळंतीण, तिच्यासाठी डिंकाचे लाडू. आणि लाडवात खसखस! ती अफूच्या बोंडातून निघते, हे मला सासूबाईंनीच सांगितलेलं. त्यात त्या दिवशी माझा हात जरा सैलच सुटला होता.

मी काय बोलले असेन? "साहेब, मूठभरच टाकली होती हो!"

इतक्या लवकर कबूल होणारं गिऱ्हाईक साहेबालाही पहिल्यांदाच भेटलं असणार.

मग त्यानं आवाज चढवला. तुम्ही अटकेत आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कोणाला काही सांगायचं नाही. सांगितलं तर "बेटी को भी उठा लेंगे!"

डोळ्यांपुढे एकच चित्र, लेक पोलिसांच्या गाडीत आणि महिन्याचं लेकरू घरात भुकेनं रडतंय. पाणी प्यायलासुद्धा मी परवानगी मागितली. "साहेब, माठ कोपऱ्यातच आहे, तीन पावलांवर. जाऊ का?"

"जाओ. मोबाइल साथ में लेकर."

असा दीड तास गेला. मग साहेबानं विचारलं, "और कौन शामिल है?"

खरी घोडचूक इथे झाली बरं का. खसखस आणली होती शमीमआपाच्या किराणा दुकानातून. शमीमआपा माझी शेजारीण, तीस वर्षांपासूनची मैत्रीण. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई! लोक म्हणे मार खाऊनही नाव सांगत नाहीत. मला तर त्यानं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. नाव, दुकान, खूण, दरवाज्याचा रंग, सगळं सांगून मी मोकळी!

मग तो म्हणाला, बँकेचं पुस्तक आणा, जामीन लागेल. मी उठणार, तोच दाराची कडी वाजली. शमीमआपाच! बचत गटाच्या बैठकीला मी गेले नव्हते. आणि गावात घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या आमच्या आशाताईंनी गटात सांगून ठेवलंय, कोणी अचानक दिसेनासं झालं की घरी जाऊन बघायचं.

"काऊन व, दार काऊन लावलं? बरं नाही का तुले?"

"आपा, तू जा! मी अटकेत आहो!"

"घरातच?"

"हाव! मोबाईलवर!"

"येडी झाली का? दार उघड पह्यले!"

"साहेब नाही म्हणून राह्यले!"

आपा वळसा घालून मागच्या दारानं आत आली. एवढी मोठी गुन्हेगार मी, पण मागचं दार लावायचं विसरले होते. ती दिसताच साहेब गरजला, "खसखस बेचनेवाली शमीम तुम ही हो?"

आपानं आधी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग तिनं फोन हिसकावला.

"हाव, मीच इकली! तं? साऱ्या दुकानात भेटते खसखस! तू कोन्या ठाण्याचा होय बे? नाव सांग तुहं!"

पडदा काळा. साहेब गायब.

आणि मी काय म्हणावं? "आपा, साहेबाले राग आला वाटते! परत फोन लाव, माफी मागतो म्हण, नाही तं पोरीले उचलतीन!"

आपानं फोन लावला, पण लेकीला. पलीकडून आवाज आला, "आई, लाडू एक नंबर झाले गं!" मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि ढसाढसा रडले.

ठाण्यात तक्रार आपानंच माझ्यासोबत येऊन दिली. पण भीती काही तक्रार दिली म्हणून जात नाही. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. झोप उडाली. लाजेपायी दाराबाहेर पडेना. आशाताई म्हणाल्या, "काकू, मनात काहीच ठेवू नका. बोलून टाका." आपा नवऱ्याला दुकानात बसवून रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची. मी बोलायचे, ती ऐकायची. हळूहळू जेवण जायला लागलं.

एकच गोष्ट बोलायची राहिली होती. एक दिवस धीर करून तीही बोलले.

"आपा, तुहं नाव सांगितलं ना, त्याच्यानंतर मी अजून एक म्हटलं होतं त्याले."

"काय व?"

"म्हटलं, साहेब, दुपारी जा. ती झोपलेली असते, पळून नाही जाणार."

आपानं पदरानं डोळे पुसले. हसत होती की रडत होती, मला अजून कळलेलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "मले त्या चोट्ट्याचा भेव नाही वाटत. तुहाच वाटते!"