हंगामी कोचची वीस मिनिटं

"कॉलेज बास्केटबॉलचा हेड कोच निवडला जातो तो त्याच्या तत्त्वज्ञानामुळे."

हे वाक्य माझं नाही. आमच्या युनिव्हर्सिटीचे ॲथलेटिक डायरेक्टर मिस्टर विटमोर यांचं आहे. मार्च २००४ मध्ये, सात जणांच्या निवड समितीसमोर, टाय सरळ करून त्यांनी ते उच्चारलं. मी कोपऱ्यात प्रोजेक्टरची वायर धरून उभी होते. समितीत एक डीन होते, दोन देणगीदार होते आणि एक दातांचे डॉक्टर होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वायर धरणाऱ्या माणसाने वेगळं मत ठेवायचं नसतं.

त्या मीटिंगमध्ये ठरलं की प्रत्येक उमेदवाराने आपलं तत्त्वज्ञान दाखवणारा वीस मिनिटांचा व्हिडिओ द्यायचा. मुदत सोमवारपर्यंत. आमचे उमेदवार होते कोच डेल बॅरिंजर. त्यांचा व्हिडिओ करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. नागपूरहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायला मी नॉर्थ कॅरोलायनात आले, तेव्हा डिपार्टमेंटमधल्या असिस्टंटशिप संपल्या होत्या. शिल्लक होती ती बास्केटबॉल टीमच्या व्हिडिओ रूममधली. मला खेळ येत नव्हता आणि माझी उंची पाच फूट एक इंच होती. मुलाखतीत विचारलं, "व्हीसीआर लावता येतो?" मी म्हटलं, "आमच्या घरी तो फक्त मलाच लावता यायचा." नोकरी मिळाली.

व्हिडिओ रूम म्हणजे जिमखालची बिनखिडकीची खोली. दोन व्हीसीआर, एक टीव्ही, तीनशे कॅसेट. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या मॅचमधून त्यांच्या चाली वेचायच्या आणि एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवून कोचना द्यायच्या, याला 'फिल्म कट करणं' म्हणत. वरून दिवसभर बुटांचे चित्कार आणि बॉलचे ठोके ऐकू यायचे. सरावाला सुट्टी असली की ती शांतता मला बोचायची. अजूनही एखाद्या शाळेच्या जिमवरून जाताना तो आवाज आला तर माझे पाय रेंगाळतात.

आता कोच बॅरिंजर. वय पंचेचाळीस. सुरुवातीला ते शाळेत इतिहास शिकवायचे आणि दुपारनंतर टीम सांभाळायचे. मग दोन वर्षांच्या एका ज्युनियर कॉलेजात गेले. मग असिस्टंट कोच, एकामागून एक सहा कॉलेजांत. या धंद्यात हेड कोच गेला की त्याचे सगळे असिस्टंटही जातात, मंत्री गेल्यावर त्याचे पीए जातात तसे. त्यामुळे एकोणीस वर्षांत त्यांनी आठ घरं बदलली होती. त्यांच्या बायकोने, लिंडाने, नऊ खोकी गेल्या तीन घरांत उघडलीच नव्हती. त्यात तिच्या आईचा डिनर सेट होता. मुलगी केटी अकरावीत, तिसऱ्या शाळेत. तिने जाहीर केलं होतं, "डॅड, या वेळी तुम्ही जा. मी याच शाळेतून ग्रॅज्युएट होणार."

जानेवारीत आमच्या हेड कोचना काढलं आणि बॅरिंजरना 'इंटरिम' नेमलं. इंटरिम म्हणजे हंगामी. काम पूर्ण, खुर्ची उसनी. हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. माझे बाबा अकरा वर्षं तासिका तत्त्वावर लेक्चरर होते. दर जूनमध्ये आमच्या घरात जी शांतता पसरायची, तीच मला बॅरिंजरांच्या स्वयंपाकघरात मार्चमध्ये दिसली.

हंगामी काळात टीमने पंधरांपैकी नऊ मॅच जिंकल्या. आमच्यासारख्या, टीव्हीवर न दिसणाऱ्या कॉलेजसाठी हे बरंच होतं.

"कोच, तुमचं तत्त्वज्ञान काय लिहू?" मी विचारलं.

"बॉल त्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा. आपल्या बास्केटमध्ये पडू द्यायचा नाही."

"याची वीस मिनिटं होणार नाहीत."

"मग आपण रोज करतो तेच दाखव. आणि मेग, तेराच्या तेरा मुलं दिसली पाहिजेत. बेंचवरून कधी न उठणारी दोघंही."

मेघनाचं मेग पहिल्याच दिवशी झालं होतं. मी तीन दुपारी बसून व्हिडिओ केला. संगीत नाही, स्लो मोशन नाही. टाइमआउटमध्ये खडूने पाटीवर रेघा ओढणारे कोच, चुकलेल्या मुलाच्या खांद्यावर ठेवलेला हात, आणि तेरा मुलं. मला तो चांगला वाटला. आजही वाटतो.

इथे माझ्या लेबलांबद्दल सांगायला हवं. असिस्टंट कोच येताजाता कॅसेट उचलून न्यायचे आणि परत आणायचे नाहीत. सूचना लावून पाहिल्या, रजिस्टर ठेवून पाहिलं. शेवटी मी सगळी लेबलं मराठीत लिहायला सुरुवात केली. आठवड्यात चोरी बंद. कुणालाही काहीही हवं असेल तर माझ्याकडे यावं लागे. नागपूरच्या कुठल्याही सरकारी ऑफिसातला रेकॉर्ड कीपर ज्या कारणासाठी अजिंक्य असतो, त्याच कारणासाठी मी अजिंक्य झाले. मला या युक्तीचा फार अभिमान होता.

शुक्रवारी सकाळी माझा थीसिस डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होती. फोन बंद. नेमकं त्याच सकाळी विटमोरांनी मुदत सोमवारवरून शुक्रवार दुपारवर आणली, कारण सोमवारी एका देणगीदाराला गोल्फ खेळायचं होतं. असिस्टंट कोच रिक धावत व्हिडिओ रूममध्ये गेला. टेबलावर दोन कॅसेट होत्या. एकीवर लिहिलं होतं 'कोच अंतिम'. दुसरीवर 'नवीन कॅमेऱ्याची चाचणी, ठेवू नये'.

मी परत आले तर टेबलावर रिकची चिठ्ठी, 'व्हिडिओ पोचवला', शेजारी काढलेला हसरा चेहरा. आणि 'कोच अंतिम' जागच्या जागी.

"रिक, तू कुठली कॅसेट दिलीस?"

"फायनलवाली. पाकिटात घातली, टेपच्या तीन पट्ट्या मारल्या, ऑफिसात पोचवली. यू आर वेलकम."

"फायनल आहे हे तुला कसं कळलं?"

"मोठं नाव होतं ना तिच्यावर. दुसरीवर नुसते दोन शब्द."

पाठवलेल्या कॅसेटमध्ये रिकामं कोर्ट होतं. त्यावर आमचे केअरटेकर मिस्टर ओटिस पॉलिशचं मशीन घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते आणि परत येत होते. चाळीस मिनिटं. कोच बॅरिंजर त्यात कुठेही नव्हते.

मी कोचकडे गेले. ते सँडविच खात होते. सगळं सांगितलं, माझ्या लेबलांचंही, रिकचंही. त्यांनी सँडविच खाली ठेवलं.

"पूर्ण वेळ ओटिस?"

"पूर्ण वेळ."

"निदान तो बॉल तरी घालवत नाही." टेबलावर केटीचा फोटो होता, तिकडे त्यांनी पाहिलं. "खरी कॅसेट घे. विटमोरना जे झालं ते सांग. रिकचं नाव घेऊ नकोस, त्याला दोन लहान मुलं आहेत."

विटमोर ऑफिसात कोट घालत होते. मी कॅसेट पुढे केली.

"सर, कोच बॅरिंजरच्या व्हिडिओबद्दल..."

"पाहिला आम्ही. सातही जणांनी. दोनदा." त्यांनी छातीवर हात ठेवला. "पॉवरफुल."

"पण सर, त्यात चुकून..."

"मेग, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. समितीने काय पाहिलं ते समितीला सांगू नये."

मी कॅसेट घेऊन परत आले.

"दोनदा?" कोचनी विचारलं.

"दोनदा."

"विटमोर आमची एक मॅचसुद्धा शेवटपर्यंत बघत नाही." त्यांनी उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

त्या शनिवारी मी कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेघू, मुलाखतीची तारीख आली की समजायचं, निवड झाली. आपली नसेल, पण झालेली असते. मी सतरा मुलाखती दिल्यात."

"बाबा, ही अमेरिका आहे. इथे असं नसतं."

"बरं," बाबा म्हणाले. ते वाद घालत नसत. फक्त 'बरं' म्हणत आणि काही वर्षं वाट बघत.

रविवारी लिंडाने जेवायला बोलावलं. मी भरलं वांगं घेऊन गेले, ते केटीने 'इंटरेस्टिंग' म्हणून एका बाजूला सारलं. जेवण झाल्यावर लिंडाने मला हळूच विचारलं, "तुमच्या खोलीत जुने पेपर असतात ना? बशा गुंडाळायला लागतील." मी हो म्हटलं. चूक माझ्या हुशारीची होती, आणि सामान त्यांचं बांधलं जाणार होतं.

मंगळवारी पत्रकार परिषद झाली. स्थानिक पेपरचे दोन वार्ताहर, विद्यार्थ्यांच्या रेडिओचा एक, आणि आमच्या कँटीनचा केक. युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट उभे राहिले. "कोच बॅरिंजर यांच्या व्हिडिओतून त्यांचं तत्त्वज्ञान आम्हाला लख्ख दिसलं," ते म्हणाले. "तो पाहिल्यावर आमच्या मनात दुसरं नावच उरलं नाही."

इंटरिम हा शब्द गेला. लिंडा रडत होती. केटीही, पण तिने ते कुणाला दिसू दिलं नाही. टाळ्या चालू असताना कोचनी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मिस्टर ओटिसकडे पाहिलं. त्यांनी जाऊन ओटिसचा हात हातात घेतला. ओटिसना कारण कळलं नाही, पण ते सभ्य गृहस्थ असल्याने त्यांनी अभिनंदन केलं.

खरं काय झालं ते विटमोरांची सेक्रेटरी बेटी हिने महिन्याभराने सांगितलं. समितीने पहिल्या मीटिंगच्या आधीच एका नामांकित टीमच्या असिस्टंटला निवडलं होतं. सोमवारी तो बायकोसह गाव बघायला आला. बायकोने आमचा मॉल पाहिला, तो दोनदा बांधायला घेऊन अर्धवट सोडला होता. संध्याकाळी त्यांचा नकार आला. मंगळवारचा केक आधीच ऑर्डर केलेला होता. ज्याच्याकडे जिमच्या किल्ल्या होत्या असा एकच उमेदवार उरला होता.

"आणि हे तुझं," म्हणत बेटीने समितीच्या कागदांच्या खोक्यातून एक पाकीट काढून दिलं. रिकच्या तीनही पट्ट्या जशाच्या तशा. पाकीट कुणी उघडलंच नव्हतं.

मी नंतर एक वर्ष तिथे राहिले, मग त्याच राज्यातल्या रिसर्च ट्रँगल नावाच्या भागात एका औषध कंपनीत लागले आणि शेजारच्या कॅरी गावात घर घेतलं. आता डेटा असतो, मीटिंग असतात, वरून बॉलचा ठोका मात्र येत नाही. लिंडाने त्या उन्हाळ्यात नऊही खोकी उघडली. दोन बशा फुटलेल्या निघाल्या. केटी त्याच शाळेतून ग्रॅज्युएट झाली. बाबांना मी सगळं कळवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." मला यातून एकच शिकता आलं: लेबल कुठल्याही भाषेत लिहा, पण आधी पाकीट कुणी उघडणार आहे का ते पाहा.

२००८ च्या वसंतात कोच बॅरिंजरना एका मोठ्या युनिव्हर्सिटीने बोलावलं. जाण्यापूर्वी त्यांनी फोन केला.

"मेग, माझ्या जागेची जाहिरात आलीय. वाचून दाखवू?"

"वाचा."

"'उमेदवाराने आपलं तत्त्वज्ञान दाखवणारा व्हिडिओ सादर करणं बंधनकारक आहे. मागील निवडीत हाच निकष निर्णायक ठरला होता.'"

मी हसू आवरलं. पाकीट माझ्या कॅरीच्या घरात, ड्रॉवरमध्ये, तीन पट्ट्यांसकट पडलेलं होतं.

"लांबी किती मागितलीय?" मी विचारलं.

"तीस मिनिटं," कोच म्हणाले. "त्यांना वीस कमी पडली."